नाव सोनूबाई : जपानी तलवारींची पारख आणि नावाचा मोह

आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींनी विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं तलवारीशी काय काम? प्रश्न रास्त आहे. हत्यार म्हणून मला तलवारीत रस नाही. मला रस आहे तो एका जुन्या प्रश्नात. समोर एक वस्तू आहे. तिच्यावर कर्त्याचं नाव नाही, किंवा नाव आहे पण त्यावर विश्वास बसत नाही. मग ती कोणी घडवली हे आपण कशाच्या आधारावर सांगतो? आणि जे सांगतो त्याला 'ज्ञान' म्हणायचं की 'मत'?

हा प्रश्न चित्रांबाबत येतो, मूर्तींबाबत येतो, हस्तलिखितांबाबत येतो. पण जपानी लोकांनी तो तलवारीच्या बाबतीत जितका पिंजून काढला तितका क्वचितच कुणी काढला असेल. या पारखीला ते 'कांतेई' म्हणतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. कांतेई ही बघण्याची एक अत्यंत उत्तम विद्या आहे. पण तिचा निष्कर्ष एकदा कागदावर उतरला की तो कागद वस्तूपेक्षा मोठा होऊन बसतो, आणि मग वस्तूलाच कानस लागते. 'कानस' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. पुढे ते कळेलच.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे तलवार म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो, ती कोणाच्या हातात होती? भवानी तलवारीबद्दलचा सगळा वाद घ्या, तो धारण करणाऱ्याभोवती फिरतो. पातं घडवणारा कोण होता, हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्या 'फिरंग' तलवारीचं पातं तर युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. जपानमध्येही धारण करणाऱ्याला महत्त्व आहेच, पण पहिला प्रश्न असतो तो घडवणाऱ्याचा. याचं कारण तलवारीच्या रचनेतच आहे. पात्याचा खालचा भाग मुठीच्या आत दडलेला असतो. त्याला 'नाकागो' म्हणतात. मुठीतली बांबूची छोटी खुंटी काढली की मूठ निघते आणि नाकागो दिसतो. लोहार आपली सही छिन्नीने तिथे कोरतो. या भागाला कधीही पॉलिश करायचं नाही, त्यावरचा गंज कधीही घासायचा नाही, हा पहिला नियम. कारण गंजाचा रंग आणि पोत हे वयाचे पुरावे असतात. बाहेरचं पातं आरशासारखं लख्ख आणि आतला भाग काळाकुट्ट, गंजलेला. जुन्या बाजारात तलवार हाती लागलेला नवशिका संग्राहक हौसेने नाकागो घासून चकचकीत करतो, आणि तिथेच निम्मा इतिहास संपवतो.

आता गंमत अशी, की चांगला पारखी नाकागो सगळ्यात शेवटी बघतो.

आधी बघायचा तो घाट. पात्याला बाक किती, तो कुठे पडलाय, रुंदी किती, टोक लहान की मोठं? यावरून काळ कळतो. कामाकुरा काळाच्या सुरुवातीची पाती सडपातळ, मुठीजवळ खोल बाक असलेली, लहान टोकाची. चौदाव्या शतकाच्या मध्याला पाती रुंद आणि लांब होतात, टोकं मोठी होतात. सतराव्या शतकात, १६६१ नंतरच्या दशकात, बाक अगदी उथळ होतो. घोड्यावरून लढायचं की पायी, की लढाया संपल्या म्हणून नुसतं कमरेला लावून फिरायचं, हे सगळं त्या एका रेषेत असतं.

मग बघायचा पोलादाचा पोत. पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून घडवलेलं असल्यामुळे त्यावर लाकडाच्या फळीसारख्या रेषा दिसतात. कुठे सरळ रेषा, कुठे गाठी, कुठे इतका बारीक रवा की जपानी त्याला नासपतीच्या गराची उपमा देतात. मग धारेची नक्षी, म्हणजे 'हामोन'. लोहार पात्याला मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग तापवून पाण्यात बुडवतो. आपले लोहार 'पाणी देणं' म्हणतात, तेच हे. धारेचा भाग झटकन थंड होऊन कठीण होतो, पाठीचा त्या मानाने मऊ राहतो, आणि दोघांच्या सीमेवर एक पांढुरकी नक्षी उमटते. कधी सरळ, कधी लाटांची, कधी लवंगेच्या कळ्यांसारखी. त्या सीमेवरचे कण सुटे चमकताना दिसले तर त्याला 'निए' म्हणतात, धुक्यासारखे एकजीव दिसले तर 'निओई'. बिझेन प्रांताच्या जुन्या कामात निओई आणि लवंगेच्या कळ्या दिसतात, सागामीच्या कामात ठळक निए, यामातोच्या कामात सरळ रेषांचा पोत. यामाशिरो, यामातो, बिझेन, सागामी आणि मिनो या पाच परंपरा ज्याच्या डोळ्यांत बसल्या, त्याला निदान नकाशा मिळाला.

या विद्येची परीक्षा कशी घेतात बघा. चार-पाच पाती मांडतात, प्रत्येकाचा नाकागो झाकलेला. तुम्ही बघायचं आणि चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहायचं. साधारण तीन संधी मिळतात. नाव बरोबर आलं तर 'आतारी', म्हणजे लागलं. पण त्याखाली आणखी एक शेरा असतो, 'दोझेन', म्हणजे 'तसंच समजा'. गुरूऐवजी शिष्याचं नाव लिहिलंत, किंवा त्याच घराण्यातल्या जवळच्या माणसाचं, तर उत्तर चुकलेलं असूनही जवळजवळ बरोबर धरतात.

मला ही 'दोझेन'ची कल्पना फार मोलाची वाटते. परीक्षा घेणारेच इथे मान्य करतात की डोळ्यांना जे दिसतं ते घराणं, काळ, दर्जा. व्यक्तीपर्यंत डोळा दरवेळी पोचत नाही. ज्या विद्येला आपली मर्यादा इतकी नेमकी ठाऊक आहे, ती विद्या मला प्रौढ वाटते.

इथे दोन तत्त्वज्ञांची आठवण येते. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या पहिल्या कांडात म्हटलंय, की रत्नं आणि नाणी पारखणाऱ्यांना जे कळतं ते अभ्यासातून येतं, अनुमानातून नाही, आणि ते दुसऱ्याला शब्दांत सांगता येत नाही. दुसरा डेव्हिड ह्यूम. अभिरुचीच्या निकषावरच्या १७५७ सालच्या निबंधात तो 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगतो. दोघेजण एका पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, मला लोखंडाची लागते. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली सापडते.

तलवारीच्या परीक्षेत नाकागोवरचं कापड काढणं म्हणजे पिंप रिकामं करणं. सही दिसते, किल्ली सापडते, आणि कोणाची जीभ खरी ते ठरतं. इथवर सगळं ठीक आहे. पण ज्या पिंपात किल्लीच नाही त्याचं काय?

असली पिंपं थोडीथोडकी नाहीत. जुन्या लांब तलवारी धार खाली ठेवून कमरेला लटकवत. पुढे पद्धत बदलली. धार वर ठेवून पट्ट्यात खोचायची आखूड तलवार आली. मग लोकांनी जुनी लांब पाती खालून कापून आखूड केली. कापताना नाकागो गेला आणि त्याच्याबरोबर सहीही. कामाकुरा काळातल्या अनेक उत्तम पात्यांवर आज सही नाही ती यामुळे. गो योशिहिरो या चौदाव्या शतकातल्या लोहाराचं उदाहरण तर टोकाचं आहे. जपानमधल्या तीन सर्वश्रेष्ठांत त्याची गणना होते, पण त्याच्या सहीचं, सर्वमान्य असं एकही पातं नाही. म्हणून जपानीत म्हणच पडली, की भूत आणि गो, दोन्हींबद्दल सगळे बोलतात, पाहिलं कुणीच नाही. तरीही 'गो'ची म्हणून ओळखली जाणारी पाती आहेत, आणि ती अप्रतिम आहेत.

आता विचार करा, 'हे पातं गो योशिहिरोचं आहे' या वाक्याचा अर्थ काय? भट्टीजवळ कोण उभं होतं याची ती बातमी नाही, कारण ती बातमी आपल्याला कुठूनच मिळालेली नाही. त्या वाक्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की हे सागामी परंपरेचं, चौदाव्या शतकातलं, अत्युच्च दर्जाचं काम आहे आणि 'गो' या नावाखाली आपण ज्या गुणांचा समूह ठेवलाय त्यात ते बसतं. म्हणजे इथे व्यक्तीचं नाव दर्जाचं नाव म्हणून वापरलं जातंय. यात काही वावगं नाही, वापरणाऱ्याला ते माहीत असेल तोवर. जपानीत त्यासाठी छोटा शब्दही आहे, 'देन', म्हणजे 'परंपरेने मानलेलं'. 'देन मासामुने' म्हटलं की पारखी अर्धं पाऊल मागे सरकतो.

पण नावाला किंमत चिकटली की हे अर्धं पाऊल विसरलं जातं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीच्या काळात होनामी घराण्याकडे अधिकृत पारखीचं काम आलं. हे घराणं तलवारी पॉलिशही करी. म्हणजे आपल्याकडचा शिकलगार आणि न्यायाधीश एकाच घरात. पारख झाली की ते घडी घातलेला कागद देत. त्याला 'ओरिगामी' म्हणत. कागदाच्या पक्ष्यांची ओरिगामी आपल्याला ठाऊक आहे, शब्द तोच. या कागदावर लोहाराचं नाव असे आणि सोन्याच्या नाण्यांत किंमतही. सरदारांनी शोगुनला आणि शोगुनने सरदारांना भेटी द्यायच्या, त्या भेटीची प्रत या कागदावर ठरायची. कधी कधी तर पारखलेलं नाव नाकागोवरच सोन्याने जडवत. कागद निदान वेगळा ठेवता येतो. सोन्यात जडवलेलं मत पात्याचाच भाग होतं. १७१९ साली शोगुन तोकुगावा योशिमुनेसाठी होनामींनी नामांकित तलवारींची यादी तयार केली. तिच्यात मासामुनेची भरमार आहे, आणि मासामुनेच्या सहीचं काम म्हणाल तर जेमतेम काही कट्यारी.

१८९६ मध्ये इमामुरा चोगा या जाणकाराने वर्तमानपत्रातून उघड प्रश्न विचारला, की मासामुनेचा हा डोलारा हिदेयोशीच्या काळात उभा केलेला तर नाही ना? मोठा गदारोळ झाला. पुढच्या अभ्यासकांनी त्याचं म्हणणं पूर्ण मानलं नाही. हिदेयोशीच्या पुष्कळ आधीच्या ग्रंथांतही मासामुनेचं नाव सापडतं. ते योग्यच झालं. पण इमामुराचा प्रश्न चुकीचा नव्हता. मासामुने होऊन गेला, हे सिद्ध झाल्याने 'हे पातं मासामुनेचं' हे सिद्ध होत नाही. दोन वेगळी विधानं आहेत ही.

तिसरं एक विधानही आहे, आणि त्याची गल्लत तर फारच होते. आपल्या नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आहे, 'हा तोच देवदत्त'. पूर्वी पाहिलेला माणूस आज पुन्हा ओळखणं, म्हणजे प्रत्यभिज्ञा. 'होंजो मासामुने' ही तोकुगावा घराण्याची प्रसिद्ध तलवार १९३९ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाली. युद्ध हरल्यावर, १९४५ च्या अखेरीस, घराण्याने ती इतर तलवारींबरोबर शस्त्रं जमा करण्याच्या हुकमानुसार जमा केली. त्यानंतर तिचा पत्ता नाही. तिच्यावर सही नव्हती. उद्या कुठल्या घराच्या माळ्यावर ती सापडली, तर जुन्या नोंदींतली मापं आणि कागदावर उतरवून घेतलेली धारेची नक्षी यांच्याशी ताडून 'ही तीच' असं सांगता येईल. हामोन बोटाच्या ठशासारखा असतो, दोन पात्यांचा तंतोतंत जुळत नाही. ते ज्ञान पक्कं असेल. पण 'ती मासामुनेने घडवली' हे तेव्हाही मतच राहील. एकाच तलवारीबद्दल एक गोष्ट आपण जाणतो आणि दुसरी मानतो. संग्राहकाने हा भेद सोडला की त्याची फसगत ठरलेली.

तलवारीच्या साजातही हीच कथा. हाताच्या रक्षणाची चकती 'त्सुबा', मुठीच्या विणीखाली बसवलेल्या छोट्या प्रतिमा 'मेनुकी', म्यानाला जोडलेला छोटा चाकू. या कामात गोतो घराणं सगळ्यांत मानाचं. मूळ पुरुष गोतो युजो, १४४० ते १५१२. सतरा पिढ्या हे काम चाललं. तांब्यात थोडं सोनं मिसळून केलेला, रसायनाने निळसर काळा होणारा 'शाकुदो' धातू, त्यावर मोहरीसारखे बारीक दाणे आणि वर सोन्याचं काम. पहिल्या पिढ्या सहीच करत नसत. मग अठराव्या शतकातला वंशज आपल्या पूर्वजाच्या कामावर कोरतो, 'हे युजोचं, साक्षी मित्सुताका'. नातवंडांनी पणजोबांना दिलेला दाखला! तो खोटाच, असं मी म्हणत नाही. घराण्याची हत्यारं, नमुने, आठवणी त्यांच्याकडे होत्या, त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण त्या दाखल्यावर घराण्याची पतही अवलंबून होती, हे विसरून चालत नाही. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आल्यावर असंख्य साज पात्यांपासून सुटे झाले आणि युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत गेले. तिथे त्सुबा भिंतीवर चित्रासारखी लागली. मधल्या भोकात पातं घट्ट बसावं म्हणून ठोकलेले तांब्याचे तुकडे बघा. ही चकती वेगवेगळ्या पात्यांवर बसवली गेली, वापरली गेली, हे ते तुकडे सांगतात. चित्र म्हणून बघणाऱ्याला तो निव्वळ दोष वाटतो.

आता कानशीकडे येतो. जपानी तलवारींवर खोट्या सह्या अमाप आहेत. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' सतराव्या शतकातला एदोचा लोहार कोतेत्सु, त्याच्या सहीच्या इतक्या नकला झाल्या की कोतेत्सु दिसला की आधी खोटा समजावा, असं जाणकार सांगतात. आज जपानमध्ये तलवारींना प्रमाणपत्र देणारी प्रमुख संस्था आहे, कलात्मक तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेली. युद्धानंतर शस्त्रं म्हणून सरसकट नष्ट होऊ घातलेल्या तलवारी कला म्हणून वाचवण्यात तिच्या संस्थापकांचा मोठा वाटा आहे. पारंपरिक पोलादाची भट्टी १९७७ मध्ये तिनेच पुन्हा पेटवली. तेव्हा तिच्याबद्दल आदर ठेवूनच बोलतो. पण नियम असा, की परीक्षकांना सही खोटी वाटली तर त्या पात्याला प्रमाणपत्र नाही. सही काढून टाकली, तर तेच पातं बिनसहीचं म्हणून पुन्हा सादर करता येतं. मग मालक काय करतो? कानस लावतो. सही जाते, जागेवर नवा गंज चढवला जातो, आणि कागद येतो.

याच्या बाजूने युक्तिवाद आहे, तोही ऐकायला हवा. खोटी सही म्हणजे पात्यावर लादलेलं खोटं. उद्या ती एखाद्या भोळ्या ग्राहकाला फसवेल. चांगलं पातं उगीच बदनाम होईल. मग ते मोकळं केलं तर बिघडलं कुठे?

माझी हरकत तीन बाबतीत आहे. एक, परीक्षकांचं मत हे मतच असतं. मतं पिढीगणिक बदलतात, खरवडलेलं पोलाद परत येत नाही. निकाल फिरवता येतो, शिक्षा फिरवता येत नाही, अशा ठिकाणी शिक्षा देताना हात आखडता घ्यावा. दुसरं, खोटी सहीसुद्धा इतिहास आहे. ती कोणत्या काळात, कोणाच्या नावाने कोरली, यावरून त्या काळात कोणाचं नाव विकलं जात होतं हे कळतं. हा पुरावा बाजाराच्या सोयीसाठी नष्ट करायचा, आणि तो 'जतना'च्या नावाने? तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. झाकलेल्या नाकागोची परीक्षा शिकवते की नाव शेवटी बघा. प्रमाणपत्राची व्यवस्था शिकवते की नाव आधी बघा, आणि अडचणीचं असेल तर काढून टाका. म्हणजे विद्येने जे कमावलं ते तिच्याच दाखल्याने घालवलं.

उपाय काही अवघड नाही. 'सही संशयास्पद, पातं अमुक काळाचं, अमुक परंपरेचं' एवढं लिहिलेला कागद द्या. आणि कारणं लिहा. नेहमीच्या प्रमाणपत्रावर नाव आणि माप असतं, कारणं नसतात. वरच्या श्रेणीच्या पात्यांची वर्णनं छापली जातात, तीच रीत खाली आणता येईल. भर्तृहरी म्हणतो ते मला अर्धंच पटतं. पारख अभ्यासातून येते, खरं. पण निए, निओई, पोत, बाक असे शब्द याच लोकांनी शेकडो वर्षं घासून तयार केलेत, ते पारख बोलकी व्हावी म्हणूनच ना? बोलता येतं तिथे वाद घालता येतो, आणि वाद घालता येतो तिथेच मत सुधारण्याची शक्यता असते.

तुमच्यापैकी कुणी परदेशात असाल आणि एखाद्या लिलावात किंवा जुन्या बाजारात अशी तलवार समोर आली, तर एवढंच करा. पात्याला बोट लावू नका, घामाने गंज चढतो. नाकागोला काही चोळू नका. विकणारा नाव सांगेल, ते ऐका आणि बाजूला ठेवा. आधी बाक बघा, मग दिव्याखाली तिरकं धरून पोत आणि धार बघा, आणि दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. नंतर सही वाचा. तुमचं टिपण आणि सही यांचं जमलं नाही, तर घाईने कोणा एकाला खोटं ठरवू नका. दोन्ही जपून ठेवा. पुढचा माणूस कदाचित तुमच्याहून चांगलं बघणारा असेल, आणि त्याला बघायला काहीतरी उरलं पाहिजे.

वेळ संपत आली, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.